आपली गळिताची धान्ये
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

श्रोतेहो,

आज ज्या विषयावर मी आपणांशी चार शब्द बोलणार आहे, तो विषय आपणां सर्वांच्या घरी चुलीशेजारी डब्यात भरून ठेवलेला असतो. तो विषय म्हणजे खाण्याचे तेल, आणि हे तेल ज्यांच्यापासून निघते ती गळिताची धान्ये. हल्ली त्यांस तेलबिया म्हणतात. परंतु आपल्या सातारा-सांगलीकडील जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी ‘गळित’ हाच शब्द आहे, आणि तो मला अधिक अर्थपूर्ण वाटतो. गाळल्यावर तेल निघते, तशी मागे पेंडही राहते. या पेंडीचा विसर पडू देऊ नये, हे आजच्या माझ्या सांगण्याचे एक सूत्र आहे.

शाळेत पुष्कळ वर्षे गणित शिकविल्यामुळे हिशेब मांडल्यावाचून मला कोणताही विषय नीट समजत नाही. तेव्हा प्रथम एक सोपे उदाहरण घेऊ. आपल्या देशात दर माणशी वर्षाला १९ किलोंहून अधिक तेल खाल्ले जाते, असा २०२०-२१ सालचा हिशेब आहे. पाच माणसांच्या घरास वर्षाकाठी शंभर किलो तेल लागते असे धरू. म्हणजे पंधरा किलोंचे पावणेसात डबे. केंद्र सरकारने २०२४ साली तेलबियांची नवी योजना जाहीर केली, तेव्हा देशाच्या गरजेपैकी शेकडा ५७ तेल परदेशांतून येते असे सांगितले. याचा अर्थ आपल्या घरच्या पावणेसात डब्यांपैकी जवळजवळ चार डबे समुद्रापलीकडून येतात. सबंध देशाचे पाहिले, तर २०२३-२४ च्या तेलवर्षात सुमारे १६० लाख टन तेल बाहेरून आले आणि त्यापायी एक लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम बाहेर गेली. इंडोनेशिया व मलेशिया येथील पामतेल, अर्जेंटिना व ब्राझील येथील सोयातेल, रशिया व युक्रेन येथील सूर्यफुलाचे तेल, असा हा पसारा आहे.

ज्या मुलखात घरोघरी भुइमुगाच्या शेंगांची पोती रचलेली असत, त्या मुलखावर ही पाळी का आली? शेतकरी आळशी झाला, की जमीन नापीक झाली? माझ्या मते यांपैकी काहीही झालेले नाही. झाले आहे ते असे की, गळिताच्या प्रत्येक धान्याला आपल्या शेतीत एक ठरलेली जागा होती; ती जागा एकामागून एक सुटत गेली, आणि सुटली ती मुख्यतः भावाच्या बेभरवशामुळे. हेच आता क्रमाने पाहू.

आपले दोन जिल्हे म्हणजे महाराष्ट्राचे एक लहानसे चित्रच आहे. महाबळेश्वरास वर्षाला पाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, आणि तेथून पूर्वेकडे माण-आटपाडीच्या माळावर यावे तर पाचशे मिलिमीटर पडला तरी शेतकरी देवाचे आभार मानतो. या उतरंडीवर प्रत्येक गळिताचे ठिकाण आपल्या पूर्वजांनी अनुभवाने ठरविले होते. पाटण-जावळीच्या डोंगरउतारावर नाचणी-वरीबरोबर कारळे पेरीत. कारळ्यास भारी जमीन लागत नाही, खत लागत नाही, आणि त्याची पिवळी फुले मधमाश्यांस भरपूर मध देतात. कृष्णा-वारणा-कोयनाकाठच्या मध्यम जमिनीत पावसाळी भुईमूग असे. जवस रब्बीच्या काळ्या रानात हरभऱ्याच्या किंवा गव्हाच्या संगतीने येई. तीळ बाजरीच्या पिकात चार ओळी पेरला की घरापुरता होई, आणि संक्रांतीस दुकानदाराचे तोंड पाहावे लागत नसे.

या सर्वांत करडईची व्यवस्था मला विशेष चतुर वाटते. खानापूर, जत, खटाव, माण या भागांत शाळूच्या रानात काही काकऱ्या करडईच्या सोडीत आणि रानाच्या कडेनेही करडई लावीत. करडईस काटे असल्यामुळे मोकाट गुरे आत शिरत नसत. म्हणजे विनाखर्चाचे कुंपण झाले. कोवळेपणी तिची भाजी होई. तिचे सोटमूळ खोल जाऊन, शाळूच्या मुळांस जी ओल सापडत नाही ती शोधी. एखाद्या वर्षी शाळू हातचा गेला तरी करडई काही ना काही देऊन जाई. एकाच रानात धान्य, कडबा, भाजी, कुंपण आणि तेल! इतक्या कमी पाण्यात इतके देणारे दुसरे पीक मला ठाऊक नाही.

भुइमुगाचा उपकार निराळा. त्याच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत आणून ठेवतात. म्हणून त्याचा बेवड चांगला, असे शेतकरी म्हणतो. त्याचा पाला जनावरांस आवडतो. शेंगा गाळल्या की तेल घरात, पेंड दावणीला, आणि दावणीचे शेण पुन्हा रानात. गावचा तेली घाण्यास बैल जुंपून हे काम करी. घाण्यात तेल पूर्ण निघत नाही, पेंडीत पुष्कळ राहते, हे खरे. परंतु ते राहिलेले तेलही गावच्याच गाईम्हशींच्या पोटी जाई. गावात पिकलेले गावातच फिरत होते. या फिरण्यातच जमिनीचा कस टिकत होता.

आता ही घडी कशी विसकटली ते पाहू.

पहिले कारण ऊस. हे बोलताना मी उसाची निंदा करीत आहे असे कोणी समजू नये. सहकारी साखर कारखान्यांनी या दोन जिल्ह्यांत शाळा काढल्या, रस्ते केले, गरिबांची मुले शिकविली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु ऊस शेतकऱ्यास का आवडला? केवळ पाणी आले म्हणून नव्हे. लागण करतानाच त्याचे गिऱ्हाईक ठरलेले असते. त्याचा किमान भाव कायद्याने बांधलेला असतो, आणि ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. तो दंडक पुष्कळदा मोडतो हे आपण जाणतो. तथापि मोडण्यासाठी का होईना, दंडक आहे. भुइमुगास, करडईस, कारळ्यास असा दंडक कोणता? शेतकरी अडाणी नाही. दोन पिकांपैकी ज्याचा शेवट आधी दिसतो ते पीक तो घेतो. परिणामी मळईची जमीन उसाखाली गेली, आणि वर्षानुवर्षे उसामागून ऊस व पाण्यामागून पाणी यांमुळे वाळवा, मिरज, पलूस या भागांतील कितीतरी जमीन क्षारपड व पाणथळ झाली.

दुसरे कारण खुद्द भुइमुगाच्या अडचणी. त्याचे बी महाग, आणि एकरी चाळीस-पन्नास किलो दाणे पेरावे लागतात. टिक्का व तांबेरा हे रोग पाने खातात. आऱ्या जमिनीत शिरण्याच्या वेळी पावसाने ताण दिला की शेंगा पोचट राहतात. काढणीस व शेंगा तोडण्यास माणसे पुष्कळ लागतात, आणि आज खेड्यात पैसे मोजूनही मजूर मिळत नाही. डोंगराकाठी रानडुकरे एका रात्रीत शेत उकरून टाकतात. सूर्यफूल काही वर्षे उमेदीने आले; परंतु त्याच्या दाण्यांवर पोपटांचे थवे पडतात, शिवाय संकरित बी दरसाल विकत घ्यावे लागते. करडईची अडचण तिच्या गुणातच होती. जे काटे गुरांस अडवीत, तेच कापणाऱ्याचे हात फाडीत. म्हणून पहाटे दवाने काटे नरम असताना कापणी करावी लागे. अशा कामास नवी पिढी तयार होत नाही, आणि तिला दोषही देता येत नाही. एके काळी आपल्या देशात लाखो हेक्टरांवर असलेली करडई अलीकडच्या वर्षांत एक लाख हेक्टरांच्याही आत आली आहे.

तिसरे कारण सोयाबीन. भुइमुगाने सोडलेली खरिपाची जागा याने घेतली. सुमारे शंभर दिवसांत पीक हाती येते, मळणी यंत्राने होते, रान रब्बीस मोकळे होते आणि हाती रोकड पडते. शेतकऱ्याने ते घेतले यात नवल नाही. आपल्या सांगलीजवळील कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्राने ‘फुले अग्रणी’, ‘फुले संगम’, ‘फुले किमया’ असे सोयाबीनचे नामांकित वाण दिले. ते आज दूरच्या जिल्ह्यांतही पेरले जातात, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे.

परंतु सोयाबीन हे तेलाचे पीक की पेंडीचे पीक? शंभर किलो सोयाबीनमध्ये तेल अठरा ते वीस किलो. बाकी बहुतेक पेंड. शंभर किलो शेंगदाण्यात मात्र तेल पंचेचाळीस ते पन्नास किलो. सोयाबीन एकरी चांगले उतरले तर दर एकरी तेल भुइमुगाच्या बरोबरीने पडते, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. तथापि भेद दोन ठिकाणी आहे. एक, सोयाबीनमधील थोडे तेल गावच्या घाण्यास परवडेल असे काढता येत नाही; त्यास द्रावकाने तेल काढणारा मोठा कारखानाच लागतो. म्हणजे बीही गावाबाहेर, तेलही बाहेर आणि पेंडही बाहेर. दुसरे, सोयाबीनचा भाव तेलापेक्षा पेंडीच्या भावाने अधिक हलतो.

हा दुसरा मुद्दा ध्यानात ठेविला म्हणजे २०२४ सालचे एक कोडे उलगडते. त्या वर्षी सप्टेंबरात सरकारने कच्च्या पाम, सोया व सूर्यफूल तेलांवरील मूळ आयातशुल्क शून्यावरून शेकडा २० केले. बाजारात तेल महागले. गृहिणी म्हणाली, तेल महागले; आता सोयाबीनवाल्याचे भले होणार. परंतु सोयाबीन त्या सुगीत क्विंटलला ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्या पुष्कळ खाली विकले गेले. असे का व्हावे? जगात सोयाबीनचे पीक उदंड आल्यामुळे पेंड स्वस्त झाली होती. त्यात मक्यापासून व तांदळापासून इथेनॉल काढताना जो चोथा उरतो, तो कोंबड्यांच्या व गुरांच्या खाद्यात पेंडीऐवजी जाऊ लागला. पेंड पडली, तिच्याबरोबर बीही पडले. सरकारी खरेदीकेंद्रांवर दाण्यातील ओलाव्याची अट शेकडा १२ होती. नोव्हेंबरात ती १५ पर्यंत सैल केली, तोवर कित्येकांनी माल व्यापाऱ्यास घालून मोकळे झाले होते. खाणाऱ्यास तेल महाग आणि पिकविणाऱ्यास बी स्वस्त! ‘तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले’ ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

चौथे कारण या सर्वांहून व्यापक आहे, आणि ते म्हणजे धोरणाची चंचलता. मे १९८६ मध्ये केंद्र सरकारने तेलबियांसाठी एक विशेष मोहीम सुरू केली. बियाणे, संशोधन, खरेदी आणि आयातीवर लगाम या चारही गोष्टी एकदम हाती धरल्या. फळ काय मिळाले? १९८५-८६ साली १०८ लाख टन असलेले तेलबियांचे उत्पादन दहा वर्षांच्या आत जवळजवळ दुपटीवर गेले, आणि देश तेलाच्या बाबतीत बहुतांशी आपल्या पायांवर उभा राहिला. यालाच पीतक्रांती म्हणतात. आपल्या शेतकऱ्यास हे जमत नाही असे म्हणणारांस हे सडेतोड उत्तर आहे. पुढे एप्रिल १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली. प्रारंभी शुल्क शेकडा ६५ होते. ते चार वर्षांत शेकडा १५ पर्यंत उतरले. स्वस्त तेलाचा लोंढा आला, शहरातील ग्राहक सुखावला, आणि कोरडवाहू रानातील करडई-भुईमूग मुकाट्याने मागे सरले.

तेव्हापासून शुल्क कधी वर, कधी खाली, असे चालले आहे. २०२४ च्या सप्टेंबरात चढविलेले शुल्क मे २०२५ च्या अखेरीस निम्म्याने उतरवून शेकडा १० केले. मे महिन्याची अखेर म्हणजे काय, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. रान नांगरून, कुळवून तयार असते. दोन-चार आठवड्यांत काय पेरावे याचा विचार चाललेला असतो. नेमक्या त्याच वेळी असा निर्णय कानी आला, तर तेलबियांची पिशवी घेण्यास निघालेला हात मागे येईल की नाही, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

येथे कोणी विचारील की, परदेशात तेल स्वस्त मिळते तर ते घेण्यात वाईट काय? प्रश्न योग्य आहे. तेलमाडाच्या एका हेक्टरातून तीन-चार टन तेल मिळते. आपल्या कोरडवाहू भुइमुगाच्या ते आठ-दहा पट आहे. तेथे भरपूर पाऊस आहे आणि झाड वर्षभर फळ देते. निव्वळ उताऱ्याच्या शर्यतीत आपण हरणारच. परंतु या स्वस्ताईची खरी किंमत पावतीवर लिहिलेली नसते. सुमात्रा व बोर्निओ या बेटांवरील अफाट जंगले तोडून आणि दलदलीची जमीन कोरडी करून, जाळून या बागा उठविल्या गेल्या. दुसरे असे की, ज्याच्या घरून तेल येते त्याची अडचण ती आपली अडचण होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाले आणि सूर्यफुलाच्या तेलाची जहाजे अडकली. त्याच वर्षी २८ एप्रिलपासून इंडोनेशियाने आपल्या घरची टंचाई टाळण्यासाठी पामतेलाची निर्यात बंद केली. ती बंदी महिनाभरही टिकली नाही. परंतु तेवढ्या दिवसांत आपल्या खेड्यातील किराणा दुकानात पिशवीचा भाव कोठे गेला, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. ज्या भांडणात आपला काही संबंध नाही, त्याचा दंड आपल्या फोडणीने भरावा, ही काही समाधानाची स्थिती नव्हे.

मग करावे काय? सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये १०,१०३ कोटी रुपयांची राष्ट्रीय तेलबिया मोहीम मंजूर केली असून, २०३०-३१ पर्यंत उत्पादन ३९० लाख टनांवरून ६९७ लाख टनांपर्यंत नेण्याचा तिचा संकल्प आहे. संकल्प मोठा आहे. तो सिद्धीस जावयाचा तर आपल्या दोन जिल्ह्यांपुरते मला पुढील उपाय सुचतात.

पहिला उपाय भावाच्या भरवशाचा. हमीभाव जाहीर होणे निराळे आणि तो पदरात पडणे निराळे. उसाप्रमाणे गळिताच्या धान्यासही पेरणीपूर्वी गिऱ्हाईक ठरलेले असावे. खरेदीकेंद्र सुगीच्या आधी उघडावे, सुगीनंतर नव्हे. आयातशुल्क वर्षातून एकदा, पेरणीच्या आधी जाहीर करावे आणि माल विकला जाईपर्यंत त्यास हात लावू नये. शुल्क किती असावे हे अर्थशास्त्रज्ञांनी ठरवावे. परंतु खेळाचे नियम खेळ चालू असता बदलू नयेत, एवढे तर शाळेतील पोरांनाही कळते.

शुल्क वाढले तर रोज हातावर पोट असलेल्या आणि शंभर-दोनशे ग्रॅम तेल घेणाऱ्या माणसाने काय करावे, ही शंका रास्त आहे. त्याचे उत्तर शिधावाटपाच्या दुकानात आहे. २०२२ च्या दिवाळीस महाराष्ट्र सरकारने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला. त्यात रवा, चणाडाळ व साखर यांबरोबर एक लिटर पामतेल होते. दिवाळीच्या त्या पिशवीत परदेशी पामतेलाऐवजी आपल्याच राज्यातील करडईचे वा भुइमुगाचे तेल घातले असते, तर गरिबाची दिवाळीही झाली असती आणि कोरडवाहू शेतकऱ्याचीही.

दुसरा उपाय पाण्याचा. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांमुळे ज्या रानांनी शतकानुशतके आभाळाकडे पाहिले, त्या खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत येथील रानांत कृष्णेचे पाणी खेळू लागले. हे पाणी कित्येक मजले वर चढवून आणलेले, विजेच्या मोलाचे पाणी आहे. ते सगळेच उसास पाजावे काय? आडसाली ऊस दीड वर्ष रान अडवितो. उन्हाळी भुईमूग जानेवारी-फेब्रुवारीत पेरला की चार महिन्यांत घरी येतो आणि जमीन सुधारून जातो. करडईस तर एखादे संरक्षक पाणी मिळाले तरी ती भरभरून येते. ज्यास ऊस करावयाचाच आहे त्याने सुरू उसाच्या सरीत भुईमुगाचे आंतरपीक घ्यावे. नव्या पाण्याखालील रानाचा काही वाटा गळितासाठी राखून ठेवावा, असा ठराव पाणीवापर संस्थांनी आपणहून केला, तर जे मिरज-वाळव्याच्या मळईत घडले ते माळावर घडणार नाही.

तिसरा उपाय बियाण्याचा, आणि येथे आपले भाग्य थोर आहे. कराडच्या संशोधन केंद्राचे नाव ‘कराड ४-११’ या पसऱ्या भुइमुगाने सर्वत्र केले होते; पुढे जळगावचा ‘फुले प्रगती’ हा लवकर येणारा उपट्या वाण आला. फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्था १९६८ पासून काम करीत आहे. कै. बनबिहारी निंबकर यांनी स्थापिलेल्या या संस्थेने करडईच्या काट्याचाच प्रश्न हाती घेतला आणि बिनकाट्यांची करडई शेतकऱ्यास दिली. ‘नारी-६’ हा तिचा वाण आणि बिनकाट्यांचा संकरित वाण या संस्थेतूनच बाहेर पडले. आता कापणारणीचे हात फाटत नाहीत, यंत्रानेही कापणी करता येते, आणि फुलांच्या पाकळ्या वेचून त्यांचा औषधी चहा करतात, तोही एक जोडधंदा होतो. इतके असूनही आपल्याच जिल्ह्यातील हे बी आपल्याच रानात क्वचित दिसते. संशोधन फलटणास झाले आणि माण-जतला पोहोचले नाही, तर दोष संशोधकाचा नव्हे. मधल्या वाटेचा आहे. भुईमूग व सोयाबीन यांचे निवडक घरचे बी दोन-तीन वर्षे चालते. गावात चार शेतकऱ्यांनी मिळून बीजोत्पादन केले, तर बियाण्याचा मोठा खर्च वाचेल.

चौथा उपाय घाण्याचा. अलीकडे शहरांतून लाकडी घाण्याचे तेल मागण्याची आवड उत्पन्न झाली आहे, आणि सांगली-सातारा भागात विजेवर चालणारे लाकडी घाणे पुन्हा दिसू लागले आहेत. ही आवड केवळ शहरच्या हौसेपुरती राहू नये. गावातील महिला बचतगटांनी किंवा सोसायटीने एक घाणा घातला, तर तेल गावात राहील आणि पेंडही गावच्या दावणीला लागेल. मात्र शेंगा नीट वाळविलेल्या हव्यात. ओल्या शेंगांस बुरशी लागून विष उत्पन्न होते, ते डोळ्यांस दिसत नाही आणि पेंडीतून दुभत्या जनावरासही बाधते. शुद्धतेचा विश्वास एकदा उडाला की घाणा पुन्हा बंद पडला म्हणून समजावे.

पाचवा उपाय आपणां सर्वांच्या हाती आहे, तो म्हणजे हात आखडता घेणे. आहारशास्त्रज्ञांच्या मते माणसास वर्षाकाठी बारा किलोंच्या आसपास तेल पुरेसे आहे. आपण खातो एकोणीस. पुन्हा हिशेब मांडू. कोरडवाहू भुईमूग एकरी पाच क्विंटल शेंग देतो असे धरले, तर फोडून साडेतीन क्विंटल दाणे होतात. घाण्यात दर शंभर किलोंस चाळीस किलो तेल निघाले, तर एकरी १४० किलो तेल झाले. पाच माणसांच्या घराने शंभर किलो तेल खाल्ले, तर त्यास सुमारे एकोणतीस गुंठे भुईमूग लागेल. साठ किलोंत भागविले, तर सतरा गुंठे पुरेत. म्हणजे भजी-तळणाच्या मोहापायी प्रत्येक घर बारा गुंठे जमीन अधिक अडविते, आणि ती बारा गुंठे आपण परदेशात घेतो. वर प्रकृतीचे नुकसान होते ते निराळेच.

श्रोतेहो, ज्या शेतकऱ्यापाशी दोन-चार एकर कोरडवाहू आहे, त्यास मी देशहितासाठी तोटा सोस असे मुळीच सांगणार नाही. तसे सांगण्याचा अधिकार शहरात बसून पगार वा पेन्शन घेणाऱ्या कोणासही नाही. मी एवढेच सांगेन की, या रब्बीस शाळू पेरताना चार काकऱ्या करडईच्या सोडाव्या, बिनकाट्यांच्या. येईल ते तेल घरी खावे, उरेल ते शेजाऱ्यास विकावे, पेंड म्हशीस घालावी, आणि सालअखेर खर्च व उत्पन्न एका वहीत मांडून पाहावे. हिशेब जमला तर पुढील साली आठ काकऱ्या. ज्यांच्या हाती धोरण आहे त्यांनी त्या शेतकऱ्यास सुगीपर्यंत स्थिर भाव द्यावा, आणि आपण खाणारांनी त्याच्या तेलास चार पैसे अधिक मोजण्याची तयारी ठेवावी. हे तिघांनी आपापल्या जागी केले, तर आपल्या घरी परदेशाहून येणाऱ्या चार डब्यांपैकी निदान एक डबा दोन-चार वर्षांत माणदेशातून येऊ लागेल. एकापासून सुरुवात झाली म्हणजे पुढील बेरीज कठीण नसते.